चुंबकीय वादळ, आयनांबर आणि उपग्रहांचे विस्कळीत होणारे संदेश

मोजणीदार (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी भूमापनाच्या क्षेत्रात काम करतो आणि माझे रोजचे काम उपग्रहांच्या संदेशांवर चालते. एक रिसीव्हर ज्ञात बिंदूवर स्थिर ठेवायचा, त्याला आम्ही बेस म्हणतो. दुसरा घेऊन बिंदूबिंदूवर फिरायचे, तो रोव्हर. बेसकडून येणाऱ्या करेक्शनच्या आधारे रोव्हरचे स्थान एक-दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक मिळते आणि ते मिळाले की पडद्यावर ‘फिक्स’ असे दिसते. तेवढी अचूकता साधली नसेल तर ‘फ्लोट’ दिसते, आणि त्या अवस्थेतली नोंद आम्ही धरत नाही.

गेल्या काही महिन्यांत दोन वेळा हे काम अडले. पहिला प्रसंग मार्चमधला. रहदारी कमी असते म्हणून रस्त्याची मोजणी रात्री करायची होती. साडेसातपर्यंत सारे सुरळीत होते. पावणेआठच्या सुमारास एका उपग्रहाच्या संदेशाची तीव्रता, जी एरवी ४५ डेसिबलच्या आसपास असते, ती एकाएकी २५ च्या खाली गेली, काही सेकंदांत वर आली आणि पुन्हा कोसळली. थोड्या वेळाने दुसऱ्या उपग्रहाचे तेच झाले, मग तिसऱ्याचे. फिक्स जाऊन फ्लोट आले ते साडेदहापर्यंत तसेच राहिले. त्यानंतर आम्ही काहीही न करता सर्व काही पूर्ववत झाले. उपकरणाच्या पुरवठादाराने केबल आणि अँटेना बदलून पाहिली, परंतु दोष कशातच निघाला नाही.

दुसरा प्रसंग भर दुपारचा. त्या दिवशी तीव्र चुंबकीय वादळाचा इशारा होता. तीव्रतेचे आकडे जागचे हलत नव्हते, सगळे उपग्रह व्यवस्थित दिसत होते. पण बेसपासून पाच-सहा किलोमीटर दूर गेले की फिक्स मिळायला पंधरा-पंधरा मिनिटे लागत आणि मिळालेले टिकत नसे. बेसजवळच्या बिंदूंवर मात्र काहीच अडचण नव्हती.

आमच्या वहीत दोन्ही प्रसंगांपुढे ‘वादळ’ एवढाच शेरा आहे. माझे तेवढ्याने समाधान होत नाही. वादळ आयनांबरात नेमके काय घडवते, आणि हे दोन्ही अनुभव एकाच कारणाचे आहेत का? कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि कोणते बिंदू पुन्हा मोजायचे, हे मला त्यावरून ठरवायचे आहे.

आयनवेध

मोजणीदार, प्रश्न फार नेमका मांडला आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. चुंबकीय वादळ उपग्रहाच्या संदेशाला थेट हात लावत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली काही शे नॅनोटेस्लांची घट रेडिओ तरंगाला जवळजवळ जाणवतही नाही. वादळ विस्कटते ते आयनांबर, आणि संदेशाला त्या विस्कटलेल्या आयनांबरातून यावे लागते.

साधारण ६० ते १,००० किलोमीटर उंचीच्या या पट्ट्यात सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणे हवेच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. सर्वांत दाट थर २५० ते ४०० किलोमीटरच्या दरम्यान असतो. मार्गनिर्देशक उपग्रह २०,००० किलोमीटरहून अधिक उंचीवर फिरतात, त्यामुळे त्यांच्या संदेशाला हा संपूर्ण थर ओलांडावाच लागतो. वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते मोजण्यासाठी उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंत एक चौरस मीटर छेदाचा स्तंभ कल्पावा आणि त्यातले इलेक्ट्रॉन मोजावेत. या संख्येला टीईसी म्हणतात आणि तिचे एकक १ वर १६ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांचे असते. असे एक एकक १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या एल१ संदेशाला अंतराच्या हिशेबात सुमारे १६ सेंटिमीटर उशीर करते. शांत रात्री स्तंभात पाच-दहा एकके असतात. सूर्य सक्रिय असतानाच्या दुपारी, विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत, ती शंभरावर जातात. शंभर एकके म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहासाठी १६ मीटर, आणि उपग्रह क्षितिजाजवळ असेल तर वाट तिरपी होऊन त्याच्याही सुमारे तिप्पट.

आता वादळाकडे येऊ. सूर्याच्या किरीटातून चुंबकित द्रव्याचा प्रचंड लोट सुटतो आणि बहुधा एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी येतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते उत्तराभिमुख असलेल्या भूचुंबकीय क्षेत्राशी जोडले जाते आणि सौरवाताची, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताची, ऊर्जा आत शिरते. दिशा उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा लोट फारसे काही न करता निघून जातो. यानंतर दोन गोष्टी घडतात आणि त्यांचा वेग अगदी निरनिराळा असतो.

पहिली गोष्ट मिनिटांत घडते. ध्रुवीय प्रदेशातले विद्युतक्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत पोहोचते. जिथे दिवस असतो तिथे ते पूर्वाभिमुख असते आणि इलेक्ट्रॉनांचा थर वर उचलते. वरच्या विरळ हवेत इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा एकत्र येण्याचे प्रमाण कमी, आणि खाली ऊन नवे इलेक्ट्रॉन तयार करीतच असते. म्हणून एकूण संख्या वाढत जाते. उचललेला हा साठा चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना उतरतो. एरवी तो चुंबकीय विषुववृत्तापासून सुमारे १५ अंशांवर शिखर करतो. मोठ्या वादळात ते शिखर २५ ते ३० अंशांपर्यंत सरकते. ज्या प्रदेशाला एवढ्या इलेक्ट्रॉनांची कधी सवय नाही, त्याच्या डोक्यावर दुपारी एकाएकी दाट भिंत उभी राहते.

दुसरी गोष्ट काही तासांनी येते. ध्रुवीय प्रदेशात ओतलेल्या ऊर्जेने तिथली हवा तापते, फुगते आणि विषुववृत्ताकडे वाहू लागते. तिच्यासोबत खालच्या थरांतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू वर येतात. आयनांबराच्या दाट थरात प्रामुख्याने ऑक्सिजन अणूंचे आयन असतात; रेणू मिसळले की ते भराभर उदासीन होतात आणि इलेक्ट्रॉनांची संख्या नेहमीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. ही घट एखादा दिवस, कधी दोन दिवस टिकते. म्हणजे एकाच वादळात एका जागी आधी पूर आणि मग दुष्काळ असे घडू शकते, आणि त्याच वेळी दुसऱ्या रेखांशावर फक्त दुष्काळच असू शकतो.

खगोलवेडी

उत्तम प्रतिसाद. माझ्या मनात एक शंका आहे. रेडिओ तरंग प्रकाशाच्या वेगाने जातात असे आपण शिकतो. मग इलेक्ट्रॉन त्यांना उशीर कसा करतात? आणि उशीर होत असेल तर तो मोजून वजा का करता येत नाही?

आयनवेध

खगोलवेडी, तरंग जाताना सुटे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलतात आणि स्वतःही क्षीण तरंग सोडतात. मूळ तरंगात हे मिसळले की दोन परिणाम एकाच वेळी दिसतात. संदेशावर छापलेला संकेत, म्हणजे कोड, मागे पडतो; आणि ज्या वाहक तरंगावर तो छापलेला असतो त्याची कला, म्हणजे चढ-उतारातली स्थिती, नेमकी तितकीच पुढे सरकते. कोडने मोजलेले अंतर १६ मीटर जास्त आले तर कलेने मोजलेले १६ मीटर कमी येते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, पण रिसीव्हरच्या कच्च्या नोंदी घेऊन दोन्हींतला फरक तासभर काढत बसले की दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की वजा करता येतो, आणि चांगल्या रिसीव्हरमध्ये केलाही जातो. हा विलंब कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जे एक एकक एल१ वर १६ सेंटिमीटर उशीर करते, तेच १२२७.६० मेगाहर्ट्‌झच्या एल२ वर २७ सेंटिमीटर करते. दोन्ही संदेश एकाच उपग्रहाकडून एकाच वाटेने आले, तर त्यांच्यातल्या फरकावरून इलेक्ट्रॉन किती होते ते काढता येते आणि ९९ टक्क्यांहून अधिक विलंब गणितातून बाद होतो. एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या साध्या उपकरणाला ही सोय नाही. त्याला उपग्रहाने पाठवलेल्या आठ गुणांकांच्या क्लोबुचर प्रतिमानावर विसंबावे लागते आणि ते सरासरी निम्मीच चूक भरून काढते. प्रतिमान नेहमीच्या दिवसाचे असते, वादळाच्या दिवसाचे नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. इलेक्ट्रॉन पुष्कळ आहेत एवढ्याने दोन कंप्रतांच्या रिसीव्हरचे काही बिघडत नाही. बिघडते ते इलेक्ट्रॉन इथे एक आणि तिथे दुसरे असे असमान झाले की. मोजणीदारांच्या दुपारच्या अनुभवाचे मूळ मला तिथेच दिसते.

विमानमार्ग

वरचा मुद्दा विमानवाहतुकीत अतिशय गांभीर्याने घेतला जातो, म्हणून त्यात भर घालतो.

विमान खाली उतरताना उपग्रहांवरून उंची ठरवायची असेल तर जमिनीवरची संदर्भ केंद्रे आयनांबरातला विलंब मोजतात, त्याचा नकाशा बनवतात आणि तो भूस्थिर उपग्रहामार्फत विमानाला पाठवतात. अमेरिकेच्या वास (WAAS) प्रणालीत हा नकाशा ३५० किलोमीटर उंचीवर कल्पिलेल्या पातळ कवचावर, सर्वसाधारणपणे पाच अंशांच्या जाळीने आखलेला असतो. दोन जाळीबिंदूंच्या मध्ये विलंब हळूहळू बदलतो, हे त्यामागचे गृहीतक.

ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस आलेल्या वादळांनी हे गृहीतक मोडले. २९ ऑक्टोबरला सुमारे १५ तास आणि ३० ऑक्टोबरला सुमारे ११ तास वास प्रणालीला विमानांना उंचीचे मार्गदर्शन देता आले नाही. इथे एक बाब आवर्जून सांगायला हवी: प्रणालीने चुकीची उंची दिली नाही. नकाशावर भरवसा ठेवता येत नाही हे तिने ओळखले, चुकीची संभाव्य मर्यादा वाढवली आणि ती मर्यादा ठरलेल्या पातळीबाहेर गेल्यावर सेवा थांबवली. ज्या यंत्रणेवर माणसांचे जीव अवलंबून आहेत तिने असेच वागायला हवे, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, २० नोव्हेंबर २००३ रोजी, आणखी एक वादळ आले. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या उत्तर भागात जवळजवळच्या केंद्रांच्या नोंदींवरून विलंबातला फरक दर किलोमीटरला ४१२ मिलिमीटर इतका निघाला. शांत दिवशी मध्य अक्षांशांत हा फरक दर किलोमीटरला काही मिलिमीटरच असतो. इलेक्ट्रॉनांचा एक दाट पट्टा दक्षिणेकडून वर सरकत होता आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी उभी होती. दहा किलोमीटर अंतरावरच्या दोन रिसीव्हरांनी एकाच क्षणी एकच उपग्रह पाहिला असता, तरी त्यांच्या मापांत चार मीटरांचा फरक आला असता. विमानतळाजवळच्या उपग्रहाधारित अवतरण प्रणालींची सुरक्षा आखताना आजही ही मोजणी समोर ठेवली जाते.

इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या गगन प्रणालीपुढचा प्रश्न आणखी कठीण होता, कारण तिच्या क्षेत्रात आयनवेध यांनी सांगितलेले विषुववृत्तीय शिखर रोजच असते, वादळ असो वा नसो. म्हणून एका पातळ कवचाऐवजी अनेक थरांचे प्रतिमान तयार करावे लागले. २०१५ मध्ये गगनला उंचीच्या मार्गदर्शनासह विमान उतरवण्याच्या टप्प्यासाठी प्रमाणपत्र मिळाले.

मोजणीदार (धागाकर्ता)

विमानमार्ग, आपण दिलेल्या आकड्यांवरून मी माझ्या कामाचा हिशेब मांडला. चुकत असल्यास सांगावे. आमची पद्धत अशी की बेस आणि रोव्हर दोघांच्या डोक्यावरचे आयनांबर सारखेच आहे असे मानायचे आणि एकाच्या मापातून दुसऱ्याचे वजा करायचे. बेस ६ किलोमीटरवर असेल आणि फरक दर किलोमीटरला २ मिलिमीटर असेल, तर १२ मिलिमीटर उरतात, तेवढे चालते. तोच फरक वादळात ५० मिलिमीटर झाला तर ३० सेंटिमीटर उरतात. एल१ ची तरंगलांबी आहे १९ सेंटिमीटर. उपग्रह आणि रिसीव्हर यांच्यामध्ये पूर्ण तरंग किती, ही संख्या अचूक ठरल्याशिवाय फिक्स मिळत नाही. जिथे चूकच दीड तरंगाएवढी आहे, तिथे ती संख्या ठरणार कशी? बेसपासून ५०० मीटरवर मात्र अडीच सेंटिमीटरच उरतात, म्हणून जवळचे बिंदू व्यवस्थित झाले.

विमानमार्ग

हिशेब बरोबर आहे. एक सावधगिरी सुचवतो. चूक नेमकी एका तरंगाच्या आसपास आली तर रिसीव्हर चुकीची पूर्ण संख्याही बरोबर मानून बसू शकतो. तेव्हा पडद्यावर फिक्स दिसेल, पण स्थान चुकीचे असेल.

बिनतारी

मी गेली अनेक वर्षे हौशी रेडिओवर उपग्रहांचे संदेश ऐकतो, त्यामुळे मला हा विषय कानांनी माहीत आहे.

अंतराळ स्थानकाचे १४५.८०० मेगाहर्ट्‌झवरचे प्रसारण ऐकताना आवाज कधी कधी लाटेसारखा वर-खाली होतो. त्याची बरीचशी कारणे साधी असतात: स्थानक फिरत असते, अँटेनांच्या दिशा बदलत असतात. पण एक कारण आयनांबराचे आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून इलेक्ट्रॉनांच्या थरात शिरलेल्या तरंगाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, वळत जाते. याला फॅराडे परिवलन म्हणतात. १४५ मेगाहर्ट्‌झवर ते कित्येक पूर्ण फेरे घेऊ शकते. आपली अँटेना आडवी आणि तरंग उभा होऊन आला की आवाज बुडतो. वादळात इलेक्ट्रॉनांची संख्या भराभर बदलते, तसे हे बुडणे-वर येणेही भराभर होते. एल१ वर हेच वळण एका फेऱ्याच्या लहानशा अंशाइतके असते आणि मार्गनिर्देशक उपग्रह वर्तुळाकार ध्रुवण वापरतात, त्यामुळे मोजणीदारांनी या कारणाची चिंता करू नये. उपग्रहावरून दिसणाऱ्या दूरचित्रवाणीचीही करू नये. ती १० गिगाहर्ट्‌झच्या वर चालते. तिथे आयनांबर जवळजवळ पारदर्शक असते आणि खरा अडथळा पावसाचा असतो.

जितकी कंप्रता कमी, तितका आयनांबराचा मार जास्त. २५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालणाऱ्या लष्करी उपग्रह-संपर्काला म्हणूनच सर्वांत जास्त त्रास होतो. ४ मार्च २००२ रोजी अफगाणिस्तानात टाकुर घर या शिखरावरच्या चकमकीत, मदतीला निघालेल्या हेलिकॉप्टरला तिथे न उतरण्याचा संदेश उपग्रह-रेडिओवरून पोहोचला नाही आणि जीवितहानी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने टाइमेड उपग्रहाच्या निरीक्षणांवरून दाखवले की त्या वेळी संदेशाच्या वाटेत आयनांबरातले बुडबुडे, म्हणजे इलेक्ट्रॉन विरळ झालेले भाग, होते आणि संदेश अडण्यामागे त्यांचा वाटा असू शकतो.

मोजणीदारांच्या पहिल्या प्रसंगाचे वर्णन मला याच जातीचे वाटते. वादळाने रात्रीचे बुडबुडे वाढवले असणार, असा माझा तर्क आहे.

आयनवेध

बिनतारी, बुडबुड्यांबद्दल पूर्ण सहमत आहे. वादळाने ते वाढवले असणार याबद्दल मात्र नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

सूर्य मावळला की आयनांबराच्या तळाकडचे इलेक्ट्रॉन लवकर नाहीसे होतात आणि वरचा दाट थर तसाच लटकत राहतो. शिवाय चुंबकीय विषुववृत्ताजवळ तो मावळतीच्या वेळी आणखी वर उचलला जातो. वर जड आणि खाली हलके, अशी ही अस्थिर रचना असते. तेलावर पाणी ओतल्यावर जसे तेल वाट काढत वर येते, तसे खालचे विरळ आयनद्रव्य बुडबुड्यांच्या रूपाने दाट थरात घुसते आणि कधी कधी १,००० किलोमीटरच्याही वर जाते. उत्तर-दक्षिण दिशेत हे बुडबुडे चुंबकीय रेषांना धरून लांबलचक पसरतात आणि त्यांच्या भिंतींवर किलोमीटरपासून काही मीटरांपर्यंतच्या लहान-मोठ्या गाठी तयार होतात.

यांतल्या साधारण ४०० मीटर आकाराच्या गाठी एल१ ला सर्वाधिक छळतात. त्या तरंगाचे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी खाली पाठवतात; जमिनीवर ते तुकडे कुठे एकमेकांत मिळून संदेश बळकट करतात, तर कुठे एकमेकांना खोडून काढतात. हवेमुळे तारा लुकलुकतो तसा उपग्रह लुकलुकतो, म्हणून याला सिंटिलेशन म्हणतात. हा संदेश मुळातच फार क्षीण असतो. एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले, तर त्यातला एखाद-दुसरा भाग अँटेनापर्यंत पोहोचतो. त्यात आणखी २० डेसिबलची, म्हणजे शंभर पटींची घट झाली की रिसीव्हरची पकड सुटते. ४५ वरून २५ ही आपली नोंद नेमकी तेवढ्याच घटीची आहे. दोन कंप्रतांचे गणित इथे उपयोगी पडत नाही, कारण वजाबाकी करायला आधी संदेश हाती असावा लागतो.

हे बुडबुडे व्हायला वादळाची गरज नसते. अनेक रेखांशांवर, सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास ते अगदी शांत दिवशीही सूर्यास्तानंतर दिसतात आणि बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास विरतात. वादळाचा परिणाम त्या ठिकाणी किती वाजले आहेत यावर ठरतो. वादळाचे विद्युतक्षेत्र नेमके मावळतीच्या वेळी आले तर थर आणखी वर उचलला जातो आणि अतिशय तीव्र बुडबुडे उठतात. एरवी ते जिथे पोहोचत नाहीत त्या अक्षांशांवरही पोहोचतात. पण वादळ काही तास आधी सुरू झाले असेल, तर ध्रुवाकडून आलेले वारे उलट दिशेचे विद्युतक्षेत्र तयार करतात, मावळतीचे ते उचलणे दाबून टाकतात आणि बुडबुडे उठतच नाहीत. मोठ्या वादळाची रात्र चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या रिसीव्हरसाठी अगदी निवांत जाऊ शकते.

म्हणून मोजणीदारांना दोन विनंत्या. त्या मार्चमधल्या दिवसाचा केपी निर्देशांक पाहावा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवणारा हा आकडा दर तीन तासांचा, ० ते ९ असा असतो. आणि कच्च्या नोंदींत कोणत्या दिशेचे उपग्रह आधी गेले ते पाहावे. शांत रात्री हे बुडबुडे सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात.

खगोलवेडी

इशाऱ्यांविषयी कोणी सांगेल का? वादळ येणार हे दोन दिवस आधी कळते, मग काम आधीच पुढे ढकलता येत नाही का?

विमानमार्ग

लोट सुटल्याचे दोन दिवस आधी कळते, पण त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे की नाही हे तेव्हा कळत नाही, आणि सारे काही त्यावरच ठरते. ती दिशा मोजणारी याने पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूजवळ आहेत (हा एल१ संदेशाच्या नावातल्या एल१ पेक्षा वेगळा). एस आणि डिस्कव्हर ही तिथली ओळखीची नावे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य एल१ ६ जानेवारी २०२४ रोजी त्या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. सौरवाताचा वेग सेकंदाला ५०० किलोमीटर असेल तर तिथून पृथ्वीपर्यंत ५० मिनिटे मिळतात, ८०० असेल तर ३१. खात्रीचा इशारा तेवढ्याच अवधीचा असतो.

सौरज्वाला आणि चुंबकीय वादळ यांतही गल्लत होते. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो आणि तिच्यासोबत कधी सूर्यच रेडिओ कोलाहल करतो. ६ डिसेंबर २००६ रोजी हा कोलाहल इतका प्रबळ होता की पृथ्वीच्या उजेडातल्या अर्ध्या भागावरच्या अनेक रिसीव्हरांची उपग्रहांवरची पकड सुटली. त्यात आयनांबराचा दोष नव्हता. संदेश गोंगाटात बुडाला होता.

बिनतारी

आयनवेध, माझी चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. रात्रीची लुकलुक म्हणजे वादळ, असेच मी इतकी वर्षे मानत आलो होतो.

केपी निर्देशांकाचा उल्लेख निघालाच आहे, तर चुंबकमापकाची एक जुनी नोंद इथे असावी असे वाटते. १८५९ च्या सप्टेंबरमधले वादळ ज्ञात इतिहासातल्या सर्वांत तीव्र वादळांपैकी एक मानले जाते. त्या वेळी कुलाबा वेधशाळेत ठराविक अंतराने चुंबकमापकाच्या नोंदी घेणे चालू होते, आणि २ सप्टेंबरला चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्या नोंदींत आहे. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेकची वीज घालवणाऱ्या वादळाचा डीएसटी निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्लांवर गेला होता. एकाच वेधशाळेतली घट आणि चार वेधशाळांच्या सरासरीतून काढलेला निर्देशांक यांची तुलना सरळ करता येत नाही, तरी अंदाज येतो. १८५९ मध्ये आकाशात एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. तेवढे वादळ आज आले तर या धाग्यात चर्चिलेल्या प्रत्येक यंत्रणेचे किती तास आणि किती दिवस जातील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

मोजणीदार (धागाकर्ता)

दोन दिवस नोंदी तपासल्या. निष्कर्ष मांडतो.

मार्चमधल्या त्या सायंकाळी केपी १ आणि २ होता. चुंबकीय वादळ नव्हतेच. उपग्रहांचा क्रमही जुळला: आधी पश्चिमेकडचे दोन गेले, चाळीस मिनिटांनी डोक्यावरचा, आणि पूर्वेकडचा सर्वांत शेवटी. वहीतला ‘वादळ’ हा शेरा खोडून तिथे ‘सूर्यास्तानंतरचे सिंटिलेशन’ असे लिहिले आहे. पावणेआठ ते साडेदहा या वेळेतल्या सर्व नोंदी रद्द केल्या. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्रीची मोजणी यापुढे मध्यरात्रीनंतर ठेवणार आहे.

दुपारच्या प्रसंगात केपी ८ होता. एकाही उपग्रहाची तीव्रता घटलेली नाही. पण दोन कंप्रतांवरून काढलेली इलेक्ट्रॉनांची संख्या बेसवर आणि रोव्हरवर वेगवेगळ्या गतीने वाढताना स्पष्ट दिसते, आणि अंतर वाढेल तशी तफावत वाढते. बेसपासून दीड किलोमीटरच्या आतले बिंदू ठेवले. उरलेले बारा बिंदू शांत दिवशी पुन्हा मोजले. त्यांपैकी नऊ एक-दोन सेंटिमीटरच्या आत जुळले. दोन बिंदूंत ११ आणि १४ सेंटिमीटरचा फरक आला. बेसपासून सर्वांत दूरच्या, सव्वासहा किलोमीटरवरच्या बिंदूत तो २७ सेंटिमीटर निघाला. विमानमार्ग यांनी इशारा दिला होता तसेच झाले होते: त्या दिवशीच्या फाइलमध्ये या तिन्ही बिंदूंपुढे ‘फिक्स’ अशीच नोंद आहे.